पदक कुठल्या सुनेत्राबाईंचं?

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार
रीडिंग रूम, लंडन

दिया,

मायना काय लिहावा यातच पंधरा मिनिटं गेली. नवऱ्याच्या आधीच्या बायकोसाठी मराठीत एकच शब्द आहे आणि तो पत्राच्या सुरुवातीला शोभत नाही. शिवाय सवत म्हणायला आपण दोघी एका वेळी त्या घरात कधी नव्हतोच. तेव्हा नुसतं दिया. वयाने तू मोठी आहेस, पण तुला ताई म्हटलेलं आवडायचं नाही असं सासूबाई सांगतात. तक्रार म्हणून सांगतात.

मी मनीषा, सुयशची बायको. नागपूरची. लग्न होऊन स्टॅनमोरच्या घरात आले, तू ज्या खोलीत राहायचीस त्याच खोलीत. लग्नात सुयशने ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिलं आणि मी वाकून वाचलं, कस्तुरी. मला वाटलं, किती विचार करून काढलं असेल. इथे आल्यावर महिन्याच्या आत डेंटिस्टचं पत्र आलं. मिसेस कस्तुरी खांबेटे, तुमची अक्कलदाढ काढल्यापासून तुम्ही फिरकला नाहीत, तपासणीला या. माझ्या चारही अक्कलदाढा जागेवर आहेत, बाप्पा. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, ते आधीचीचं. आपल्याकडे सुनेचं नाव मुलाच्या पत्रिकेवरून गुरुजी काढून देतात. मुलगा तोच, पत्रिका तीच, मग नाव दुसरं कुठून येणार?" आणि पोळी उलटली.

तुझ्या क्लिनिकचा पत्ता वेबसाइटवर मिळाला. तू मंडळाच्या रविवारच्या वर्गात मराठी वाचायला शिकलीस हे ऐकून आहे, म्हणून मराठीत. फोन करत नाही कारण माझा फोन घरच्या प्लॅनवर आहे आणि बिल बाबा, आपले सासरे, बघतात. पेन्सिलीने लिहितेय कारण इथे जुन्या कागदांजवळ पेन नेऊ देत नाहीत. बुधवार हा माझा इथला दिवस. बाकी आठवडा ईलिंगच्या ऑफिसात.

काम असं. एक छोटी संस्था आहे. ब्रिटिश सरकारने ज्या बायकांना पदकं नि किताब दिले, साम्राज्यातल्यासुद्धा, त्यांची वेबसाइटवर नोंद करते. नोंद खरी आहे का, नावाची बाई तीच का, हे तपासायला माणसं लागतात. हिंदुस्थानातल्या नावांपुढे इंग्रज मंडळी हात टेकतात, म्हणून मी. बाबा संस्थेच्या कमिटीवर आहेत, त्यांनीच चिकटवलं. आणि आता त्यांच्याच आजीची नोंद माझ्या टेबलावर आली आहे. सुनेत्राबाई दीनानाथ खांबेटे. कैसर-ए-हिंद, रुपेरी पदक, १९१९. एन्फ्लुएन्झाच्या साथीत धर्मशाळेत दवाखाना चालवला म्हणून. हॉलमधला तो फोटो तुला आठवत असेल, नऊवारी, डाव्या खांद्याशी पदक, चेहरा रडवेला.

परवा जेवताना बाबा म्हणाले, "आजी गेली तेव्हा मी दहावीत. साठीही पुरी झाली नव्हती बिचारीची." मी भात कालवता कालवता थांबले. बाबा दहावीत म्हणजे १९६९. मग पदकाच्या वर्षी आजी जेमतेम दहाची. दहा वर्षांची पोर साथीतल्या रोग्यांना उचलते, आणि सरकार तिला मिसेस म्हणून पदक देतं?

हे बाबांना नाही, तुलाच विचारते. तू त्या घरात होतीस तेव्हा बाबांची आई, मोठ्या आजी, हयात होत्या. देव्हाऱ्यात एका बाईचा चांदीचा टाक आहे ना, सासूबाई जो टूथपेस्टने घासतात? "आपल्यातली सवाष्ण गेलेली, तिला नैवेद्य आधी," एवढंच त्यांना माहीत. ती कोण, हे आजींनी तुला कधी सांगितलं का? उत्तर दिलंस तर ऑफिसच्या पत्त्यावर दे. तोही वेगळा लिहिते.

मनीषा


२६ फेब्रुवारी २०२५

दिया,

उत्तर नाही. नसू दे. माझं पत्र तुला मिळालं असेल तर तू फाडलं असशील, आणि मी तुझ्या जागी असते तर मीही फाडलं असतं. तरी लिहून राहिली, कारण बुधवारी इथे माझ्याकडे बघणारं कोणी नसतं.

वाईट माणसं नाहीत गं ती, तुला माहीतच आहे. कोणी हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. माझा पासपोर्ट बाबांच्या कपाटात आहे, सगळ्यांचेच आहेत, हरवू नयेत म्हणून. आता व्हिसाचा कागद नसतो, सगळं ऑनलाइन. ते खातं सुयशने उघडलं, त्याच्या ईमेलवर, त्याच्या फोन नंबरवर, मला इथलं काही कळत नाही म्हणून. तेव्हा खरंच कळत नव्हतं. आता नोकरीसाठी माझा व्हिसा दाखवायचा असला की सुयशच्या फोनवर कोड जातो आणि मी त्याच्या मीटिंगमधून बाहेर येण्याची वाट बघत बसते. गेल्या महिन्यात ऑफिसात रूथने, म्हणजे आमच्या प्रमुख बाईंनी, विचारलं, "तू स्वतःचं खातं का नाही उघडत?" मी म्हटलं, घरचंच आहे. ती पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळली, ते मला झोंबलं.

ऑगस्टमध्ये व्हिसा संपतो. पुढचा मिळायला सुयशची सही लागते. सुयश म्हणतो, बघू, अजून वेळ आहे.

बाबांनी मंडळाच्या हॉलला आजीचं नाव द्यायचं ठरवलंय. एक मेला, महाराष्ट्र दिनी. पितळी पाटी करायला टाकली. मेयर येणार. रोज विचारतात, "काय, झाली का पडताळणी?" जसं काही कुकरची शिट्टी झाली का विचारावं. मी म्हणते, चालू आहे. म्हणतात, "अगं त्यात चालू काय असायचंय, घरचाच फोटो आहे."

मला आता जवळजवळ खात्री आहे की सुनेत्राबाई दोन होत्या. मुलगा तोच, पत्रिका तीच. पहिली वारली, दीनानाथरावांनी दुसरी केली, गुरुजींनी तेच नाव काढून दिलं. त्या काळच्या साहेबाच्या कारकुनाला हे कसं कळावं? त्याने मिसेस सुनेत्राबाई दीनानाथ लिहिलं, बरोबरच लिहिलं. चूक आपल्याकडची आहे. पण पहिलीचं माहेरचं नाव कळल्याशिवाय मी ते सिद्ध करू शकत नाही. सासरच्या नावाने शोधलं की दोघी एकच निघतात.

मनीषा


मँचेस्टर, ९ मार्च

डिअर मनीषा,

तुझे पत्र मिळाले. पहिला मी बिनमध्ये टाकला. मग बिनमधून काढला. सॉरी. त्या घराचा काही आला की मी आधी फेकतो, मग वाचतो. मी मराठी खूप वर्षांनी लिहितोय, मिस्टेक हसू नको.

हो, आजी मला सांगितली. ती बेडवर होती, मी रोज संध्याकाळी तिच्या पायाचा एक्सरसाइज करायचो, मग ती बोलायची. शी वॉज शार्प. ती म्हणाली टाकवाली बाई पहिली सुनेत्रा. तिचा आईकडचा नाव यमुना. मिशनच्या हॉस्पिटलमध्ये थोडा नर्सिंग शिकली होती, लग्नाच्या आधी. फ्लूचा काम तिने केला, मेडल तिला मिळाला, दोन वर्षांनी ती मेली. बेबी नव्हता. मग बाबाची आजी आली, छोटी मुलगी. तिला तोच नाव दिला, आणि तोच मेडल लावून फोटो काढला, सरकारी लोकांना दाखवायला. फोटोवाली बाई स्वतः आजीला सांगितली होती, सून म्हणून. "पदक जड होतं, पदर ओढला जायचा, आणि ते माझं नव्हतं." हे वाक्य आजी जसा बोलली तसाच लिहिला, पाठ आहे मला.

मी हे डिनरला सगळ्यांना सांगितलो. मला वाटला सगळे इंटरेस्टेड होतील! बाबा म्हणाले आजी कन्फ्यूज्ड आहे. सुयश प्लेटकडे बघत बसला. नंतर मला म्हणाले आजीच्या रूममध्ये एकटी जाऊ नको, तिला त्रास होतो. मी फिजिओ आहे मनीषा. तिचे पाय मग कडक झाले. दॅट वॉज द स्टार्ट. बाकी पण खूप होता, पण तो स्टार्ट.

एक दिवस मी कार घेतली आणि मम्मीकडे आलो. कार माझ्या नावावर होती. तुझ्या नावावर काय आहे?

दिया


२ एप्रिल २०२५

दिया,

माझ्या नावावर लायब्ररीचं कार्ड आहे. तुझा प्रश्न वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बसले आणि आठवून आठवून बघितलं. बँक खातं जोडीचं. घर बाबांचं. मंगळसूत्र माझं म्हणायचं, पण बाकी दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये. लायब्ररीचं कार्ड तेवढं मी एकटीने जाऊन काढलंय.

आणि मोठ्या आजींचे पाय कडक झाले, हे वाचून रडले. तुझ्यासाठी का त्यांच्यासाठी, कळलं नाही.

यमुना सापडली, दिया. नाव हातात आल्यावर वेळ लागलाच नाही. मिशनच्या नर्सेसच्या यादीत आहे, पुढे "दीनानाथ खांबेटे यांची पत्नी" असं लिहिलंय. तिच्या मृत्यूनंतर कलेक्टरने दुखवट्याच्या दोन ओळी लिहिल्या त्याही आहेत, त्यात पदकाचा उल्लेख आहे. १९२१. दुसरी सुनेत्रा तेव्हा परकर नेसत असेल. यमुनेने धर्मशाळेत सगळ्या जातींचे रोगी एका रांगेत झोपवले म्हणून गावाने तिच्या घरचं पाणी बंद केलं होतं. कलेक्टरने तेही लिहिलंय, जरा आश्चर्याने. बाबा भाषणात आजीचं कौतुक करताना हेच सांगतात, फक्त पाणी बंद केल्याचं गाळतात. मी नोंद "वादग्रस्त" अशी करून ठेवली आणि ठरवलं, बाहेरून कळण्याआधी घरी आपणच सांगावं.

रविवारी पाडवा होता. बागेत, खुराड्याएवढ्या आमच्या बागेत, गुढी. श्रीखंड-पुरी. सासूबाईंनी टाकापुढे नैवेद्य ठेवला, मग आम्ही बसलो. मी म्हटलं, "बाबा, नैवेद्य हिला आधी देता, तर पदकही हिचंच आहे." आणि सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. यमुनेचं घेतलं.

बाबांनी पुरी खाली ठेवली. मला वाटलं आता मोठ्या आजी कन्फ्यूज्ड होत्या म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. म्हणजे त्यांना माहीत होतं, दिया. पूर्वीपासून माहीत होतं. शांतपणे म्हणाले, "तिला मूलबाळ नव्हतं. वंश तिच्यापासून नाही. ती आपली कशी?"

मी म्हटलं, "देव्हाऱ्यात आहे ना ती?"

"देव्हाऱ्यात आहे, तेवढं पुरे."

सासूबाईंनी मला आणखी श्रीखंड वाढलं. मी नको म्हणत असताना वाढलं. त्यांच्याकडे बघितलं तर त्या वाटीकडेच बघत होत्या. आणि मला लख्ख कळलं की मलाही मूलबाळ नाही, आणि या टेबलावर मी पाहुणी आहे, श्रीखंड संपेपर्यंतची.

वर खोलीत आल्यावर सुयश दार लावून म्हणाला, "तू हे का केलंस?" मी म्हटलं, माझं काम आहे ते. तो पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "ऑगस्टच्या फॉर्मवर मला लिहून द्यावं लागतं की आपलं नातं खरं आहे, टिकाऊ आहे. बाबांना इतकं दुखावल्यावर मी काय लिहू, सांग ना." धमकी म्हणून नाही म्हणाला. खरंच विचारत होता, काय लिहू. त्याने ओरडून सांगितलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मनीषा


९ एप्रिल २०२५

दिया,

आज थोडंच लिहिते.

मी नोंद "पडताळलेली" करून टाकली. सोमवारी दुपारी. सुनेत्राबाई दीनानाथ खांबेटे, फोटोसकट, पडताळणी करणार मी. रूथने विचारलं, "तो वादाचा मुद्दा सुटला का?" मी म्हटलं, हो, घरी खुलासा झाला.

आधी आईला फोन केला होता, नागपूरला, सगळ्यांसमोर हॉलमधून, म्हणून नीट बोलता आलं नाही. एवढंच म्हटलं की थोडे दिवस येऊ का. ती म्हणाली, "आता काहून? मिहीरचं लग्न ठरून राहिलं, पाहुणे विचारतील, आली कशी म्हणून." मिहीर माझा धाकटा भाऊ. मग म्हणाली, "जमवून घे गं थोडं." तिचंही चूक नाही. माझं लग्न जमेना तेव्हा किती वर्षं तिने लोकांना तोंड दिलं ते मी बघितलंय.

मला भीती वाटते, दिया. शूर बायकांच्या नोंदी तपासते मी दिवसभर, आणि माझी ही तऱ्हा. पूर, प्लेग, दुष्काळ यांत उभ्या राहिलेल्या बायका. मला एक फॉर्म भरून हवाय नवऱ्याकडून आणि तेवढ्यासाठी मी यमुनेला पुसलं. तू मेलीस असं त्यांनी लोकांना सांगितलं नाही इतकंच, बाकी तुझ्याशीही त्यांनी तेच केलं आणि आता मीही त्यांच्यातली झाले.

घरात सगळे खूश आहेत. बाबांनी जलेबी आणली.

मनीषा


मँचेस्टर, १३ एप्रिल

मनीषा,

ओके. मी तुला ब्लेम नाही करत. तुझा व्हिसा आहे, माझा ब्रिटिश पासपोर्ट आहे. मला कोण काय करणार?

तुमच्या वेबसाइटवर खाली ऑब्जेक्शनचा बटन आहे, कोणी पण टाकू शकतो. मी टाकतो. आजीचा वाक्य पण टाकतो. तुला आधी सांगतो म्हणजे तू शॉक नको होऊ. नको म्हणू नको, मी ऐकणार नाही.

आणि प्लीज, व्हिसासाठी स्वतःचा सॉलिसिटर बघ. सुयशचा नाही. स्वतःचा. मी एक नाव खाली लिहिलाय, ती चांगला आहे. माझ्याकडे छोटा रूम पण आहे, सायकल काढली की बेड मावतो.

दिया


३० एप्रिल २०२५, बुधवार

दिया,

"ती चांगला आहे." हे वाचून मी ट्यूबमध्ये मोठ्याने हसले. समोरची बाई दचकली.

तुझा आक्षेप आला. नियम असा की आक्षेप पडताळणाऱ्याकडेच परत येतो, त्याने कागद बघून तो मान्य करायचा नाहीतर फेटाळायचा, आणि कारण लिहायचं. आणि त्याची एक प्रत नोंद सुचवणाऱ्या कुटुंबाला जाते. म्हणजे एकाच सकाळी तो माझ्या टेबलावर आणि बाबांच्या इनबॉक्समध्ये. नोंदीतल्या व्यक्तीशी तुमचं नातं काय, या रकान्यात तू लिहिलंस, "फॉर्मर कस्तुरी". रूथने मला विचारलं, कस्तुरी हे पद आहे का, म्हणजे काही हुद्दा? मी म्हटलं, हो, तसंच म्हणायचं.

त्या संध्याकाळी बाबा आमच्या खोलीशी आले आणि दारावर टकटक केली. आजवर कधी केली नव्हती, एकतर हाक मारतात नाहीतर आत येतात. सुयश खाली होता. बाबा तुझ्या त्या खुर्चीवर बसले, खिडकीजवळच्या. त्यांच्या हातात प्रिंट होती. तुझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. म्हणाले, "कस्तुरी, किताबासाठी मला तीनदा नॉमिनेट केलं लोकांनी. इतकी वर्षं मंडळ चालवलं, शाळेत गव्हर्नर होतो, कोविडमध्ये डबे पोचवले. एकदाही काही आलं नाही. लोक विचारतात, मी हसण्यावारी नेतो. आमच्या घरात एवढं एक पदक आहे." मग हातातल्या प्रिंटची घडी घातली, परत उलगडली. मला त्यांची दया आली, खरंच आली. ज्या दिवशी नोंद पडताळलेली करून टाकली त्या दिवशीही इतकी आली नव्हती.

मग ते म्हणाले, "तू हा फेटाळ. एवढंच कर. सुयशला मी सांगतो, उद्याच बसून तुझा फॉर्म भर. वकील मी बघतो. पासपोर्टही देतो तुझा तुझ्याकडे."

आणि तिथे त्यांचं चुकलं. पासपोर्ट देतो म्हणाले. तोपर्यंत मी स्वतःला समजावत होते की तो हरवू नये म्हणून कपाटात आहे.

मी म्हटलं, "बाबा, विचार करते." दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आक्षेप मान्य केला. कारण लिहिलं. पदक यमुनेचं. फोटोतल्या मुलीचं नाहीच. फोटो नोंदीतून काढून टाकला. आता नोंद अशी आहे: सुनेत्रा दीनानाथ खांबेटे, पूर्वाश्रमीच्या यमुना. खाली मी असंही लिहिलं की घराण्यात दोन पत्नींना एकच नाव असल्याने घोळ झाला. रूथ म्हणाली, ही टीप बाकीच्या मराठी नोंदींनाही लागू पडेल का? मी म्हटलं, शोधावं लागेल. म्हणजे अजून किती यमुना कुणाच्या फोटोखाली दबून आहेत ते देव जाणे.

घरी मी स्वतः सांगितलं. बाबा उठून गेले. मंडळाला कळवून टाकलंय, उद्याचा कार्यक्रम रद्द, तब्येत बरी नाही. तसं खरंच बरं नाहीये त्यांना. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, पण ताट वाढतात. आणि पासपोर्ट कपाटातच आहे.

काल मी सुयशला म्हटलं, तुझ्या फोनवर कोड पाठवतेय, मला माझं व्हिसाचं खातं बघायचंय, त्यात माझा नंबर घालायचाय. त्याच्या फोनवर कोड आला. मला वाजल्याचं ऐकू आलं. त्याने फोन उचलला, बघितला, आणि उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाला, "मला जरा वेळ दे, मनीषा." लग्नानंतर पहिल्यांदा त्याने मला या नावाने हाक मारली. प्रेमाने मारली का परक्यासारखी, ते विचारायचं धाडस झालं नाही. कोडची मुदत संपली.

तू दिलेल्या सॉलिसिटर बाईंशी बोलले, रूथच्या फोनवरून. त्या म्हणतात मार्ग आहेत, खात्री नाही. नवऱ्याच्या सहीशिवाय राहणं अवघड, पासपोर्ट मागून न मिळाला तर पोलिसांत कळवता येतं. पोलीस त्या घराच्या दारात, सासूबाई वाटाणे सोलत बसलेल्या, हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही. आणवावं लागेल कदाचित. तुझ्या सायकलवाल्या खोलीबद्दल येते म्हणत नाही. येत नाही असंही म्हणत नाही. ऑगस्टपर्यंत मी इथे असेन, पुढचं मला माहीत नाही, आणि त्यापायी रात्री झोप लागत नाही हे खरं आहे.

एक मात्र सांगून ठेवते. मी या देशातून परत गेले, किंवा नुसती त्या घरातून गेले, तर वर्षा-दोन वर्षांत सुयशचं परत जमवतील. मुलगी चांगली असेल, पुण्याची नाहीतर अकोल्याची. त्याची पत्रिका तीच आहे. ती ताटावर वाकून नाव वाचेल आणि तिला वाटेल, किती विचार करून काढलंय. तिचं लग्न झाल्याचं तुला कुठून तरी कळेलच, मंडळात काही लपत नाही. तेव्हा तिला तू पत्र लिही. मराठीत लिही, चुका राहू देत. आणि पहिल्या ओळीत तिला तिचं नाव विचार.

मनीषा